पॉलिफॉस्फोएस्टर: हाडाला चिकटतात झकास, पण 'टार्गेटेड' म्हणायची घाई नको

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं हमखास विचारतात की ताई, हाडांच्या कामासाठी पॉलिफॉस्फोएस्टर घेऊ का आपलं नेहमीचं पीएलजीए (शरीरात विरघळणारा पॉलिमर) बरं, आणि दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. हा कुठल्या एका कंपनीच्या बाटलीचा रिव्ह्यू नाही, या मटेरियलचा आहे. रेटिंग आधीच सांगते म्हणजे घाईवाल्यांना पुढे वाचायला नको: पाचपैकी साडेतीन. नुसतं हाडाला चिकटणं बघायचं तर डोळे झाकून पाच, शरीराशी जुळवून घेण्यात चार, हाताळायला दोन (तेही मी मोठ्या मनाने देतेय), आणि 'टार्गेटेड' (म्हणजे औषध नेमक्या जागी पोचवणारं) या शब्दाला जेमतेम तीन.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. पीएलए, पीएलजीए वगैरे जे विरघळणारे पॉलिमर आहेत त्यांची साखळी सरळसोट असते, तिला मधे कुठे काही लटकवायचं म्हटलं तर जागाच नसते, मग टोकाला काहीतरी जोडा किंवा वेगळा मोनोमर (साखळीची सुटी कडी) बनवा. पॉलिफॉस्फोएस्टरच्या साखळीत मधे मधे फॉस्फरस असतो आणि फॉस्फरसचं तसं नाही, त्याला हात जास्त. दोन हातांनी साखळी पुढे जाते, एक ऑक्सिजन डबल बाँडने बसलेला असतो, आणि तरी एक हात मोकळा राहतो. त्या मोकळ्या हातावर मिथाइल ठेवा, इथाइल ठेवा, पुढे काही पटकन जोडायला अल्काइन ठेवा, औषध ठेवा, नाहीतर सगळं काढून नुसता ऋण चार्ज उघडा ठेवा. याच एका कारणासाठी लोक या पॉलिमरच्या प्रेमात पडतात आणि मला विचाराल तर ते कारण खरंच दमदार आहे.

रिंग उघडून फॉस्फेटच्या साखळ्या बनवायचं काम पोलंडमधल्या वूच शहरात स्टानिस्वाव पेंचेक यांच्या ग्रुपने १९७० च्या दशकात जोरात केलं, तेव्हा डोळ्यासमोर डीएनए आणि टायकोइक अ‍ॅसिडसारख्या (ते बॅक्टेरियाच्या भिंतीत असतं) निसर्गातल्या साखळ्या होत्या, औषधबिषध नव्हतं. मग जॉन्स हॉपकिन्सला काम लिआँग यांनी हेच पॉलिमर औषध वाहून न्यायला वापरले, त्यातूनच पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध भरलेले पॅक्लिमर नावाचे मायक्रोस्फिअर (बारीक गोळे) निघाले, माणसांवरच्या सुरुवातीच्या ट्रायलपर्यंत गेलेसुद्धा. म्हणजे 'हे कधी माणसात गेलंय का' असं कुणी विचारलं तर हो, गेलंय, पण ते अंडाशयाच्या कॅन्सरसाठी, हाडासाठी नाही. या दोन गोष्टींची लोक सर्रास गल्लत करतात.

आता हाड. हाडाच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, आणि ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं. थोडं कार्बोनेट वगैरे घुसलेलं असतं पण मुख्य हेच. मोठ्या माणसाच्या शरीरात फॉस्फरस असतो साधारण ७०० ग्रॅम आणि त्यातला ८५ टक्के हाडात आणि दातात. खनिजाच्या पृष्ठभागावर कॅल्शियम उघडा बसलेला असतो, त्याला ऋण चार्जवाला फॉस्फेट दिसला की तो धरून ठेवतो. एका फॉस्फेटची पकड तशी काही फार नसते, पण एकाच साखळीवर पन्नास-शंभर फॉस्फेट ओळीने असले की एक सुटला तरी बाकीचे धरून असतात, त्यामुळे आख्खी साखळी सुटायची म्हणजे सगळ्यांनी एकदम सोडायला हवं, आणि ते काही होत नाही.

याच तत्त्वावर जुना, मुरलेला स्पर्धक म्हणजे बिस्फॉस्फोनेट, हाडं ठिसूळ होण्यावरची (ऑस्टिओपोरोसिस) नेहमीची औषधं. हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पाहिलं की लघवीतला पायरोफॉस्फेट (मधे ऑक्सिजनने जोडलेले दोन फॉस्फेट) खनिज साचू देत नाही, पण तो एन्झाइमने पटकन तुटतो, म्हणून मधला ऑक्सिजन काढून तिथे कार्बन बसवला आणि न तुटणारा रेणू मिळाला. याच घरातलं अलेंड्रोनेट अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ऑस्टिओपोरोसिसला वर्षातून एकदा सलाइनमधून ५ मिलिग्रॅम देतात. म्हणजे नव्या कुठल्याही हाडाच्या मटेरियलला उतरायचंय ते या पैलवानासमोर, हे विसरून चालत नाही. त्याच्या खोडी पण आहेत, तोंडाने घेतलं तर एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही, हाडात एकदा बसलं की वर्षानुवर्षं निघत नाही, २००३ पासून जबड्याचं हाड मरण्याच्या केसेस नोंदल्या जायला लागल्या, आणि फार काळ घेतल्यावर मांडीच्या हाडाचे विचित्र फ्रॅक्चर. प्रमाण कमी आहे हे खरं, ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला तर बरंच कमी, पण ते 'निघत नाही' हे मुळात डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॉलिफॉस्फोएस्टरमध्ये आधी लोक काय करायचे तर साखळीच्या टोकाला अलेंड्रोनेटच जोडायचे, म्हणजे चिकटायचं काम त्याचं आणि वाहायचं काम साखळीचं. मग जपानमधल्या कान्साई युनिव्हर्सिटीतल्या यासुहिको इवासाकी यांच्या ग्रुपने दाखवलं की वेगळी शेपटी कशाला, साखळीच चिकटेल की, फक्त मोकळ्या हातावरचा मिथाइल काढून टाका आणि सोडियम मीठ करा. हे मला स्वतःला फार आवडलेलं काम आहे कारण त्यात गुंतागुंत वाढवलेली नाही, कमी केलीय. शिवाय मिथाइल सगळे न काढता थोडे ठेवता येतात, म्हणजे किती चिकटायचं याचा नॉब आपल्या हातात. ट्रायमिथाइलअमाइनसारखा रेणू मिथाइल उचलून नेतो, मेन साखळी शाबूत राहते, एवढं सोपं.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगते कारण ऑर्डर देताना, प्रोजेक्ट लिहिताना सगळीकडे हाच घोळ होतो. तिन्ही हात एस्टरने बंद असलेला पॉलिमर, म्हणजे ट्रायएस्टर, हा हाडाला जवळजवळ चिकटतच नाही, त्याला चार्जच नाही तर कशाने चिकटणार. चिकटतो तो डायएस्टर, ज्याचा एक हात उघडा आणि ऋण चार्जवाला असतो. आणि या दोघांचा स्वभाव पण उलटा: ट्रायएस्टर पाण्यात, खास करून अल्कलीत, बऱ्यापैकी तुटतो, डायएस्टर मात्र हट्टी असतो कारण त्याचा ऋण चार्ज हल्ला करायला येणाऱ्या हायड्रॉक्साइडला दूर ढकलतो (डीएनए एवढा टिकतो त्यामागे हेच आहे). म्हणजे चिकटावा म्हणून चार्ज वाढवला की विरघळणं मंदावतं. मग 'बायोडिग्रेडेबल आणि बोन-बाइंडिंग' असं दोन्ही एका दमात ब्रोशरवर लिहिलेलं दिसलं तर विचारायचं, नक्की कुठला भाग डिग्रेडेबल आणि किती दिवसात, आणि ते एन्झाइमशिवाय का एन्झाइमसकट. हाडात ऑस्टिओब्लास्टवर (हाड बनवणाऱ्या पेशींवर) अल्कलाइन फॉस्फटेज एन्झाइम असतो हे बरोबर, पण तो टोकाचा फॉस्फेट कापतो, साखळीच्या मधोमध जाऊन कापणं त्याचं काम नाही.

हाताळणीबद्दल आता मनातलं बोलते. मोनोमर म्हणजे पाच जणांची रिंग असलेला सायक्लिक फॉस्फेट, त्याला रिंगचा ताण असल्यामुळे तो उघडायला टपलेला असतो, हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा. ग्लासवेअर कोरडं, सॉल्व्हंट कोरडा, मोनोमर ताजा डिस्टिल केलेला, नायट्रोजन किंवा आर्गॉन, हे सगळं केलं तरी पावसाळी हवेत काही दिवस असे असतात की बॅच अशी निघते की कुणाला दाखवू नये. एका सप्लायरकडून आलेली बाटली उघडली तर आत आधीच अर्धं पॉलिमर झालेलं, आणि तक्रार केली तर म्हणे तुम्ही नीट ठेवली नसेल, सील तुमच्यासमोरच फोडलंय की हो.

कॅटालिस्ट म्हणून पूर्वी टिन ऑक्टोएट वापरायचे, आता डीबीयू, टीबीडी हे ऑर्गॅनिक बेस, आणि शरीरात घालायच्या वस्तूत टिन नको म्हणून हे बरंच झालं. पण रिअ‍ॅक्शन थांबवायची वेळ चुकली की संपलं. मोनोमर जवळजवळ संपत आला की बेस फावल्या वेळात साखळ्यांनाच कापून एकमेकींना जोडायला लागतो, आणि लांबीचा सगळा पसारा होतो. म्हणून पूर्ण कन्व्हर्जनच्या मागे लागू नका, आधीच अ‍ॅसिड टाकून थांबवा, थोडा मोनोमर वाया गेला तर जाऊ द्या.

एक सुख मात्र असं आहे की बाकी कुठल्या पॉलिमरमध्ये मिळत नाही, ते म्हणजे फॉस्फरस-३१ एनएमआर, फॉस्फरसचा प्रत्येक प्रकार वेगळा सिग्नल देतो ती टेस्ट. मोनोमरचा सिग्नल साधारण १७ पीपीएमला, पॉलिमरचा शून्याच्या जरा खाली उणे एक-दीडच्या आसपास, मधे सगळं मोकळं मैदान. किती झालं, किती राहिलं, काही चुकीचं तुटलं का, सगळं एका नजरेत कळतं. नुसत्या या एका कारणासाठी मी हाताळणीचा एक मार्क वाढवलाय, नाहीतर एकच देणार होते.

तयार झाल्यावर जे हातात येतं ते म्हणजे मधासारखं काहीतरी. इथाइल किंवा मिथाइलवाले पॉलिमर काचेच्या अवस्थेत जायला शून्याच्या खूप खाली न्यावे लागतात, त्यामुळे रूम टेंपरेचरला ते घट्ट द्रवच असतात, पावडर म्हणून वजन करायचं स्वप्न सोडून द्या. सोडियम मीठ जरा कडक होतं पण ते हवेतलं पाणी ओढतं, वजन करताकरता आकडा वाढत जातो. आणि जीपीसी (साखळ्यांची लांबी मोजायची टेस्ट) करायचं असेल तर मीठ करण्याआधी ट्रायएस्टरचंच करा, चार्जवाले पॉलिमर कॉलमला चिकटून बसतात आणि मग मॉलिक्युलर वेट असं दिसतं की ज्यावर कुणीच विश्वास ठेवू नये.

हाडाला चिकटण्याची टेस्ट. पद्धत साधी, हायड्रॉक्सीअपॅटाइटची पावडर, त्यात फ्लुओरोसंट पॉलिमर, हलवा, फिरवा, वर किती उरला ते मोजा. आणि इथेच सगळ्यात जास्त खोटे हिरो तयार होतात. फॉस्फेट बफरमध्ये टेस्ट घेतली तर बफरमधला फॉस्फेटच खनिजावरच्या जागा अडवतो आणि चांगला पॉलिमर नापास दिसतो, ट्रिससारख्या बफरमध्ये घेतली तर सगळेच पास होतात. कॅल्शियम जास्त असलेलं मीडियम घेतलं तर पॉलिमर कॅल्शियमसकट तळाशी बसतो आणि आपण खूश की वा, काय चिकटलाय, अरे तो चिकटला नाही, साका झालाय त्याचा. म्हणून पावडरशिवायचा कंट्रोल लावायचाच. पावडर पण कुठली ते बघा, भट्टीत भाजलेली आणि नॅनो आकाराची यांच्या पृष्ठभागात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि शेवटी सीरम घालून करा. रक्तात अल्ब्युमिन आहे, फेटुइन-ए नावाचं प्रोटीन तर खनिजाला धरायलाच असतं, त्यांच्या गर्दीत जो टिकला तो खरा. सीरमशिवायचे आकडे मी आता वाचतच नाही.

शरीराला चालतं का? बऱ्यापैकी चालतं, आणि कारणं समजण्यासारखी आहेत. पीएलजीए तुटला की लॅक्टिक आणि ग्लायकोलिक अ‍ॅसिड निघतं, जाड तुकडा असेल तर आत अ‍ॅसिड साचतं आणि तोच स्वतःला आतून वेगाने खातो. फॉस्फोएस्टर तुटला की शेवटी फॉस्फेट, जो शरीराला घरचाच आहे, आणि सोबत बाजूचं अल्कोहोल आणि मेन साखळीतलं डायॉल (दोन हातांचं अल्कोहोल). आता बघा, बाजूला इथाइल असेल तर इथेनॉल, मिथाइल असेल तर मिथेनॉल, आणि साखळी इथिलीनची असेल तर इथिलीन ग्लायकॉल. नावं ऐकून दचकायला होतं, मात्रा किरकोळ असते, पण 'तुटल्यावर फक्त फॉस्फेट निघतो' असं जे बिनधास्त लिहितात ना ते अर्धसत्य आहे, डोस ठरवताना हे ग्रॅमात मांडून बघायलाच हवं.

दुसरी भीती लोकांना असते ती कीटकनाशकाची. ऑर्गॅनोफॉस्फेट म्हटलं की डोळ्यासमोर विषबाधा येते. तिथे विषारी काय असतं तर फॉस्फरसला लावलेला सहज सुटणारा गट, जो सुटतो आणि फॉस्फरस जाऊन एसिटिलकोलिनेस्टरेज या मज्जातंतूंच्या कामाच्या एन्झाइमला पकडतो. या पॉलिमरवर साधी अल्कोहोलं असतात, ती अशी पटकन सुटत नाहीत, शिवाय एवढी मोठी साखळी एन्झाइमच्या खोबणीत शिरणार कुठून. पण उरलेला मोनोमर, आणि त्याच्याही आधीचा क्लोरोफॉस्फेट, हे प्रकरण वेगळं आहे, ते भयंकर रिअ‍ॅक्टिव्ह असतात. पेशी मेल्या तर पॉलिमरला शिव्या घालण्याआधी डायलिसिस (पॉलिमर पिशवीत घालून छोटे रेणू धुऊन काढणं) नीट झालंय का ते बघा.

रक्तात फिरताना ट्रायएस्टरचे भाग पीईजीसारखे (औषधाला शरीराच्या नजरेपासून लपवायला वापरतात तो पॉलिमर) वागतात ही आणखी एक जमेची बाजू. जर्मनीतल्या माइंझच्या मंडळींनी २०१६ मध्ये छान दाखवलं होतं की पीईजी काय किंवा पॉलिफॉस्फोएस्टर काय, दोघांचंही लपणं हे नुसतं प्रोटीनला दूर ठेवण्याने होत नाही तर क्लस्टरिन नावाचं प्रोटीन अंगावर बसल्यामुळे होतं. पीईजीला अँटिबॉडी तयार होण्याची कटकट वाढतेय, त्यामुळे पर्याय म्हणून हे चांगलंच. पण लपणारा भाग आणि चिकटणारा भाग एकाच साखळीवर किती-किती ठेवायचा याचं भांडण काही सुटलेलं नाही. चार्ज जास्त झाला की रक्तातलाच कॅल्शियम धरतो, लिव्हर आणि स्प्लीन उचलून नेतात, हाडापर्यंत पोचायच्या आधीच खेळ आटोपतो.

आणि आता तो शब्द, टार्गेटेड. हाडाकडे जातो हे कबूल, पण कुठल्या हाडाकडे? खनिज तर कवटीपासून टाचेपर्यंत सगळीकडे आहे. जिथे हाडाची उलथापालथ चालू असते तिथे खनिज जास्त उघडं पडतं आणि रक्तपुरवठाही जास्त, त्यामुळे तिथे जास्त जमा होतो हे खरं, पण ही उलथापालथ कॅन्सरच्या गाठीजवळ चालते तशीच जुन्या फ्रॅक्चरजवळ, झिजलेल्या सांध्याजवळ आणि वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशीही चालते. बोन स्कॅन ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको, त्यात टोचतात तो टेक्निशियम (किरणोत्सारी धातू) लावलेला मिथिलीन डायफॉस्फोनेट हे सगळं सारखंच चमकवतो. म्हणजे पत्ता गावाचा मिळाला, घराचा नाही. घर शोधायचं असेल तर दुसरी चावी लागते, उदाहरणार्थ ऑस्टिओक्लास्ट ही पेशी हाड खाताना खाली जे अ‍ॅसिड सोडतो, पीएच साधारण ४.५, त्यातच तुटेल असा बाँड औषधाला लावा, किंवा त्याच्याच कॅथेप्सिन-के एन्झाइमने कापला जाईल असा पेप्टाइड लावा. मोकळा हात इथे कामाला येतो, आणि म्हणूनच मी या मटेरियलवर पाणी सोडायला तयार नाही.

नुसतं हाडाकडे जाण्यानेही काम होतं, असंही नाही की नाही होत. हायपोफॉस्फटेशिया या जन्मजात आजारावरचं अस्फोटेज अल्फा बघा, २०१५ ला मंजूर झालं, त्यात अल्कलाइन फॉस्फटेज एन्झाइमच्या शेपटीला दहा अस्पार्टिक अ‍ॅसिड ओळीने लावलेत, हाडाला धरण्यासाठी. फॉस्फेट नाही, कार्बोक्झिल, पण कल्पना तीच, ऋण चार्जची रांग. तिथे जमलं कारण आजार आख्ख्या सांगाड्याचा होता, कुठल्या एका कोपऱ्याचा नाही. ऑस्टिओपोरोसिसला हाच न्याय लावता येईल, एका मणक्यातल्या गाठीला नाही.

चुलतभावंडांबद्दल दोन शब्द. दातांच्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये एमडीपी नावाचा फॉस्फेट मोनोमर १९८० च्या दशकापासून आहे, तोही अपॅटाइटचा कॅल्शियमच धरतो, म्हणजे फॉस्फेट खनिजाला धरतो याचा पुरावा कित्येकांच्या तोंडातच आहे. फॉस्फोरिलकोलिनवाला एमपीसी पॉलिमर जपानमध्ये २०११ पासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यातल्या लायनरवर लावतात, पण तिथे काम बरोबर उलटं, घसरायचं, चिकटायचं नाही. आणि इनऑर्गॅनिक पॉलिफॉस्फेट, ज्यात कार्बन नाहीच, तो तर आपल्या प्लेटलेटमध्ये असतो, ६० ते १०० फॉस्फेटच्या साखळ्या. हाड भरून यायला तो मस्त आहे असं म्हणणारे संशोधक आहेत, पण तो रक्त गोठण्याला वेग देतो, म्हणून हाडाच्या पोकळीत भरायला ठीक, शिरेतून द्यायचा विचार मला तरी पटत नाही.

मग घ्यायचा का? फ्रॅक्चरच्या जागी किंवा इम्प्लांटवर कोटिंग म्हणून हवा असेल तर बिनधास्त घ्या, तिथे 'कुठल्या हाडाकडे' हा प्रश्नच नाही, हात धरूनच ठेवलाय ना आपण. शिरेतून द्यायचं औषध बनवणार असाल तर सीरममधली बाइंडिंग, कॅल्शियमचं गणित आणि सुटण्याची यंत्रणा हे तीन कागदावर उतरल्याशिवाय उंदरापर्यंत जाऊ नका. आणि 'निघत नाही' हे विसरू नका असं वर म्हटलं होतं ते यासाठीच, बिस्फॉस्फोनेटची तक्रार करत आपणही न निघणारी वस्तू बनवली तर उपयोग काय, डायएस्टर हाडात किती महिने राहतो हे लांब मुदतीत मोजणारं काम मला सगळ्यात आधी बघायचंय.

आणि हो, पेशंटच्या घरचं कुणी वाचत असेल तर, यातलं पॉलिमरवालं हाडाचं औषध केमिस्टकडे मागू नका, हे अजून लॅबमधलंच काम आहे. चालू गोळ्या असलं काही वाचून बंद करू नका. अलेंड्रोनेट असेल तर सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दात काढायचा असेल तर ही गोळी चालू आहे हे डेंटिस्टला आधी सांगा.